पहिलं पाऊल कुणाचं?

समजा, लातूरच्या एका पाळणाघरात सकाळी अकराच्या सुमारास एक लेकरू खिडकीचा गज सोडतं, दोन पावलं टाकतं आणि धपकन बसतं. पाहणारी एकटी मावशी. संध्याकाळी डाळ मिलमधून सुटलेली आई धावतपळत येते. मावशीनं सांगावं का?

मुरलेली मावशी एवढंच म्हणते, "ताई, आज लई धडपडायलंय बघा. घरी जरा मोकळं सोडा." रात्री फरशीवर, आईच्या डोळ्यांदेखत लेकरू चालतं आणि ते पाऊल आईचं होतं. याला खोटेपणा म्हणायचं? मला तरी म्हणवत नाही. ताप आला, पडलं, खरचटलं, तर मात्र त्याच संध्याकाळी सांगायलाच हवं. आणि वय होऊनही लेकरू बसत नसेल, तर तेही.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. आईला दिवसातून 4 वेळा तिथं जायची मुभा दिली. पण लेकरू काही घड्याळ बघून चालायला लागत नाही!

नांदेडच्या कंधार-मुखेडकडे गोष्ट उलटी. मायबाप ऊसतोडीला, लेकरू आजीपाशी. तिथं मुकाट राहून कसं भागेल? फडात फोन वाजतो, "पोरगी चालायली की रं!" बाप कोयता खाली ठेवतो आणि विचारतो, "कोणता पाय आधी टाकला?"