नाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही

गप्प बसा आणि नीट ऐका. “सर, फाइल करप्ट आहे” हे वाक्य यापुढे या लॅबमध्ये ऐकून घेणार नाही. फाइल धडधाकट होती. मामाच्या ट्रंकेतल्या इंद्रजाल कॉमिक्सची सीबीआर उघडेना, म्हणून तुम्ही शेवटचं ‘सीबीआर’ खोडून ‘पीडीएफ’ लिहिलंत. अरे, यंत्रमागाच्या शालीवर हिमरूची चिठ्ठी डकवली तर ती हिमरू होते का? संभाजीनगरात वाढलात, एवढं तरी कळायला हवं!

सीबीआर म्हणजे काय, हे बघायचेही कष्ट घेतले नाहीत. पानांची चित्रं रारमध्ये बांधली की सीबीआर, झिपमध्ये बांधली की सीबीझेड. बस, एवढंच. सीबीझेडच्या शेवटी ‘झिप’ लिहा, विंडोज मुकाट्याने उघडेल, कारण आत झिपच आहे. पीडीएफ हवी तर आतली चित्रं बाहेर काढून नव्याने बनवावी लागते.

फाइल कसली, ते तिचे पहिले बाइट सांगतात. झिप सुरू होते ‘पीके’ने; 1989 साली ती आणणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं. रार सुरू होते ‘रार!’ने, पीडीएफ ‘%पीडीएफ’ने. हेक्स एडिटरमध्ये एकदा डोकावला असतात तर मिनिटात उलगडा झाला असता.

स्कॅन करणाऱ्यांनीही दिवे लावलेत. पानांना 1, 2, 10 अशी नावं! कित्येक प्रोग्राम 1 नंतर 10 लावतात, मग 2. वेताळाची गोष्ट सुरू होण्याआधीच संपते. 001, 002 लिहायला हात दुखतात? इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. जो अंक हाती आलाय तो तरी नीट जपा.

आणि हे कॉमिक्सपुरतं नाही. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ येते, शेवटी असतं ‘एपीके’. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. इन्स्टॉल केलं की बँकेचे ओटीपी चोराकडे. विंडोज तर ओळखीचं एक्स्टेन्शन लपवतंच, म्हणून ‘फोटो.जेपीजी.ईएक्सई’ तुम्हाला नुसता फोटो दिसतो. आधी ते दाखवण्याची सेटिंग चालू करा. घरी आईवडील विश्वासाने तुम्हालाच विचारतात, “उघडू का रे?” तुम्ही न बघता ‘हो’ म्हणालात तर त्यांची जन्माची कमाई जाईल.

उद्या प्रत्येकाने स्वतः एक सीबीझेड बनवायची, तिचे पहिले चार बाइट वहीत लिहून आणायचे. त्याशिवाय जर्नलवर माझी सही मिळणार नाही.