एका बैठकीत पाहिलेली मालिका

वरळीत पांडुरंग बुधकर मार्गावर दूरदर्शनचे मुंबई केंद्र आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले, त्या वेळी त्याच वरळीत जांबोरी मैदानाच्या आसपास बी. डी. डी. चाळींतून राहणाऱ्या गिरणी कामगारांच्या, पोलीस शिपायांच्या आणि कारकुनांच्या घरांपैकी फारच थोड्या घरांत दूरचित्रवाणीचा संच होता. आणि ज्या घरात तो होता, ते घर संध्याकाळनंतर केवळ त्या कुटुंबाचे राहत नसे. मुंबई इलाख्याच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, एका मजल्यावर वीस आणि तळमजला धरून एका इमारतीत ऐंशी खोल्या असा त्यांचा हिशेब. संच बाळगण्यासाठी त्या काळी सरकारी परवाना लागे व त्याचे शुल्क टपालकचेरीत भरावे लागे; परंतु शेजारच्या मुलांनी उंबरठ्यावर दाटीवाटीने बसून ‘चिमणराव’ पाहावा, यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नव्हती. चि. वि. जोशी यांच्या कथांतून उतरलेले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी साकारलेले चिमणराव-गुंड्याभाऊ हे त्या काळी अशा कितीतरी मजल्यांचे सामाईक आप्त झाले होते.

हे आठवण्याचे कारण असे की, आज घरात बसून एखाद्या मालिकेचे चार, सहा, आठ भाग सलग पाहणाऱ्या माणसांविषयी सुशिक्षित समाजात जी भाषा बोलली जाते, ती मला अन्यायाची वाटते. रविवारची जेवणे आटोपल्यावर आजी, सून आणि नात एकाच पलंगावर आणि त्याला टेकून बसतात, नात पहिला भाग लावते, दिवेलागणीच्या सुमारास पाचवा भाग संपतो, आणि मध्ये दोन वेळा चहा होतो. एवढ्या साध्या गोष्टीला आपण आळस म्हणतो, व्यसन म्हणतो, वेळेचा अपव्यय म्हणतो. या घटनेत काय घडले याची नीट चौकशी करावी असे टीकाकारांना क्वचितच वाटते. माझे मत असे आहे की, या शहरात तीन पिढ्यांनी एकाच वस्तूकडे, एकाच वेळी, कोणत्याही सक्तीवाचून लक्ष द्यावे असे जे मोजके प्रसंग शिल्लक उरले आहेत, त्यांत याची गणना केली पाहिजे. आणि त्यातून मिळणारा विसावा हा कष्टकरी माणसाचा न्याय्य हक्क आहे.

दीर्घ कथेला दीर्घ बैठक देणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. गुरुचरित्राचा सप्ताह, श्रावणात लावलेली पांडवप्रतापाची किंवा हरिविजयाची पोथी, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारा कोकणातील दशावतार, तिसऱ्या अंकानंतरही प्रेक्षक हलत नसत अशी जुनी संगीत नाटके, या सर्वांत श्रोत्याने स्वतःला कित्येक तास कथेच्या स्वाधीन करणे हा शिरस्ताच होता. गिरणगावात वस्तीला आलेली कितीतरी कुटुंबे याच कोकणातून आलेली. रात्रभर जागून कथा ऐकण्याची सवय ती आपल्याबरोबरच घेऊन आली. पोथीश्रवणामागील भक्तिभाव मालिकेत असतो असे म्हणण्याचा माझा उद्देश नाही. दोहोंची पायरी वेगळी आहे. परंतु अवधानाचा जो प्रकार, म्हणजे माणसाने आपल्या चिंता काही काळ बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या सुखदुःखात सलग वस्ती करणे, तो एका ठिकाणी साधना ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी दुर्गुण, याला मला पुरेसे कारण दिसत नाही.

मुद्रित वाङ्मयातही हीच वाट दिसते. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्याने वाचकांच्या हाती पडली. पुढे तिचे पुस्तक झाल्यावर जो वाचक ती हातात घेऊन रात्र जागवीत बसला, त्याने लेखकाचा अपमान केला असे कोणी म्हणत नाही. हप्त्याने आलेली कथा अखेर एका बैठकीत संपविण्याची मुभा वाचकाला नेहमीच होती. प्रेक्षकाला ती फार उशिरा मिळाली. आकाशवाणीवरील ‘प्रपंच’मधील टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांची वाट पाहावी लागे, ‘हम लोग’ची वाट पाहावी लागे, आणि २५ जानेवारी १९८७ पासून रविवार सकाळी लागणाऱ्या ‘रामायणा’साठी तर सबंध आठवडा धीर धरून काढावा लागे. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे तेराही भाग एकाच दिवशी प्रेक्षकांपुढे ठेवले, तेव्हा जगभर नव्या युगाची भाषा सुरू झाली, वस्तुतः पुस्तकाच्या वाचकाचा जुनाच हक्क त्या दिवशी प्रेक्षकाला मिळाला.

अशा सलग पाहण्याचे मोल वरळीने ज्या काळात जाणले, तो काळ सुखाचा नव्हता. मार्च २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीमुळे वरळी कोळीवाडा प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करण्यात आला. ज्या वस्तीचे आयुष्य किनाऱ्यावर, बाजारात आणि एकमेकांच्या दारात जाते, तिला घराबाहेर पाऊल टाकण्याची मनाई झाली. त्याच आठवड्यात, २८ मार्चपासून, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला, आणि या वेळी आठवड्यातून एकदा नव्हे, तर रोज सकाळी आणि रात्री. पूर्वी जी कथा संपण्यास सुमारे दीड वर्ष लागले होते, ती आता जवळजवळ तीन आठवड्यांत संपली. सलग मालिका पाहणे ही परदेशी कंपन्यांनी लावलेली चटक आहे, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी की, देशातील सर्वांत मोठ्या भयाच्या काळात सरकारी वाहिनीनेच घराघरांतून हा सप्ताह मांडला होता. ज्या आजीने १९८७ साली शेजारच्या खोलीत उभ्याने रामायण पाहिले असेल, ती या वेळी नातवाला पुढे काय होणार हे आधीच सांगत होती, आणि पुढे काय होणार हे निश्चित ठाऊक असणे हीच त्या दिवसांत मोठी धीराची गोष्ट होती.

पुनःपुन्हा पाहण्यातील आनंद नेमका येथे आहे. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून घडलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ साली अल्फा मराठीवर आली. आज तिचे जुने भाग लावून बसणाऱ्या घरात कोणालाही कथानकाची उत्कंठा नसते. आबा काय बोलतील, श्यामला कशावरून वैतागेल, शिऱ्या कोणती सबब सांगेल, हे सर्वांना पाठ असते. दादर किंवा लोअर परळच्या पुलावरील गर्दीतून घरी पोहोचलेल्या माणसाला दिवसभर अनपेक्षिताचाच मारा सहन करावा लागलेला असतो. त्याला रात्री एक असे कुटुंब भेटते की ज्यात अनर्थ होणार नाही. आजारातून उठणाऱ्याला, नुकतेच आप्त गमावलेल्याला, रात्री झोप न येणाऱ्या वृद्धाला या ओळखीच्या आवाजांचा आधार किती असतो, हे ज्याने जवळून पाहिले असेल, तो त्याला पलायन म्हणावयास धजणार नाही.

तथापि विसाव्याहून मोठी गोष्ट मला संभाषणाची वाटते. ‘आभाळमाया’ १९९९ साली घराघरांत आली. सुधा जोशी ही प्राध्यापिका, मुली असलेली, संसार सांभाळणारी स्त्री. आणि तिचा पती शरद याचे दुसरीकडे जडलेले नाते. हा विषय मराठी मध्यमवर्गीय घरात सासू, सून आणि मुलगी यांच्यासमोर उघडपणे निघणे त्यापूर्वी जवळजवळ अशक्य होते. स्वतःच्या घराण्यातील तशी कैफियत कोणी मांडली नसती. पण सुधाने शरदला क्षमा करावी की करू नये, यावर मात्र स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता मतभेद होऊ लागले, आणि त्या मतभेदांतून सुनेला सासूचे, मुलीला आईचे मन प्रथमच कळले असेल. माणसे स्वतःविषयी थेट बोलत नाहीत. तिसऱ्याविषयी बोलताना ती स्वतःला प्रकट करतात. मालिका हा तिसरा माणूस घरात आणून बसविते. सलग पाच भाग पाहिले की त्याच्याशी ओळख दाट होते, मधल्या चहाच्या वेळेला बोलणे निघते, आणि जे बोलणे ‘मला तुझ्याशी बोलायचे आहे’ अशा प्रस्तावनेने कधीच सुरू झाले नसते, ते ‘ही बाई चुकतेच आहे’ या उद्गाराने सुरू होते.

सलग पाहण्यावरील आक्षेपांपैकी दोन मला मान्य आहेत. पहिला असा की, एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू व्हावा ही तजवीज प्रेक्षकाच्या हितासाठी केलेली नाही. ती कंपनीच्या हितासाठी आहे, आणि तिचा अंमल मध्यरात्रीनंतर चालू देणे म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या कामाची व मुलांच्या झोपेची हानी करून घेणे होय. ही सोय बंद करून ठेवता येते. ती बंदच ठेवावी, आणि ‘पुढचा लावू का?’ हा प्रश्न माणसाने माणसाला विचारावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आठवड्याचा एकच भाग होता तेव्हा सबंध चाळ एका ठिकाणी थांबलेली असे आणि गॅलरीत सर्वांना एकच विषय पुरे. आता प्रत्येक घर, किंबहुना प्रत्येक माणूस, वेगळ्या मालिकेच्या वेगळ्या भागावर असतो. ही हानी खरी आहे, आणि ती भरून निघणार नाही असे मला वाटते. त्यातही एकाच घरातील चार माणसांनी चार मोबाइलवर, कानांत इअरफोन घालून, चार मालिका पाहणे याचे समर्थन मी करणार नाही. तेथे किती तास पाहिले हा प्रश्नच गौण होतो. एक तासही जास्तच आहे.

वरळीत एकत्र की एकट्याने पाहण्याचा हा प्रश्न आता घरांच्या बांधणीपर्यंत येऊन पोहोचला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत संसार केलेल्या कुटुंबांना स्वतःचे स्वच्छतागृह, स्वतंत्र निजण्याच्या खोल्या आणि बंद करता येणारे दार मिळाले, याचा आनंद निर्भेळ आहे. चाळीच्या दाटीचे गोडवे गाण्याचा अधिकार ज्यांनी ती सोसली नाही त्यांना नाही. परंतु उद्वाहनाने वर जाऊन दार लावून घेतल्यानंतर शेजारीण सहज डोकावत नाही, आणि दारात बसून दुपार घालविणारी वृद्धा आता बाविसाव्या मजल्यावर एकटी असू शकते. तिच्यासाठी भिंतीवर मोठा संच लागतो, मुलगा आपल्या मोबाइलवरून वर्गणी भरतो, आणि आपले कर्तव्य झाले असे समजून कामाला जातो.

अशा मुलांना आणि मुलींना माझी एक विनंती आहे. आईला खाते उघडून देऊन आणि रिमोटची बटणे समजावून उठू नका. एखादा रविवार तिच्या नावे मुक्रर करा, मालिका तिला निवडू द्या, शेजारच्या सदनिकेतील तिच्या जुन्या मजल्यावरच्या मैत्रिणीला बोलावून घ्या, आणि पहिले चार भाग तरी तिच्याजवळ बसून पाहा.