विकणाऱ्याचा धर्म

शेळीवर निबंध लिहावयाचा म्हटले की वाचकांच्या मुद्रेवर प्रथम मंद स्मित उमटेल, याची आम्हांस कल्पना आहे. गाईवर ग्रंथच्या ग्रंथ झाले, घोड्यावर शास्त्र झाले, हत्तीवर तर संस्कृतात स्वतंत्र वाङ्मय आहे; शेळीच्या वाट्यास मात्र आपल्या भाषेत मुख्यतः दोन म्हणी आल्या. एकीत ती जिवानिशी जाते आणि खाणारा तिला वातड म्हणतो. दुसरीत तिला कोणी उंटावर बसून हाकतो. पहिली म्हण मांस खाणाऱ्यांसाठी आहे असे समजून आपण सुटतो. दुसरी मात्र आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना, म्हणजे बदलीच्या गावी बसून दुसऱ्यांच्या शेळ्यांविषयी निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यांना, थोडी झोंबावी अशी आहे. या दोन म्हणींच्या मधोमध जो प्रश्न उभा आहे, त्याचा आज विचार करू. दुभते आणि वंश वाढविणारे जनावर जो पैदा करतो व विकतो, त्याची जबाबदारी पैसे मोजून घेतले की संपते काय?

कापड घेताना गिऱ्हाईक ते चुरगळून पाहते, धान्य घेताना मूठभर तळहातावर घेते. शेळी घेताना तो कास पाहतो, सड पाहतो, दात मोजतो. पण कास तुंबवता येते. बाजाराच्या आदल्या दिवशी धार काढली नाही आणि करडू दूर बांधले, की बेताच्या दुधाची शेळीही दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी दुभती दिसते. आपल्याकडील बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जी चाल होती, तीत भाव झाकला जाई. जनावराचा दोष झाकण्यास रुमालाचीही गरज नसते.

जुन्या धर्मशास्त्रकारांस हे ठाऊक होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात क्रीतानुशय म्हणून एक प्रकरण आहे. विकत घेतलेली वस्तू मनास न उतरल्यास परत करण्याचा अधिकार तेथे सांगितला असून परीक्षेच्या मुदती ठरवून दिल्या आहेत: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात, बियाण्यास दहा. त्याच यादीत दास-दासींच्याही मुदती आहेत, आणि तेथे आजच्या वाचकाची मान खाली जाते. तरीही चालुक्यांच्या कल्याणीस विज्ञानेश्वराने ज्या स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, तिने दुभत्या जनावरास नेमके तीनच दिवस का द्यावेत, याचा आम्ही आमच्यापुरता अर्थ लावतो. तुंबवलेली कास पहिल्या दिवशी फसवील, दुसऱ्या दिवशी संशय उत्पन्न करील. तिसऱ्या दिवशी तिला फसविता येत नाही.

परंतु या व्यवस्थेत एक जागा मोकळी राहिली आहे. बोकड कोणत्या सदरात घालावयाचा? तो दूध देत नाही, ओझे वाहत नाही. दुधाच्या कळपात तो बियाणे होय. शेतातील बियाणे दहा दिवसांत उगवून आपले खरेखोटे सांगते. बोकडाच्या बियाण्यास किती दिवस द्यावेत? शेळी पाच महिने गाभण राहते. झालेली पाट वर्षभरात वाढून माजावर यावी, तीही पाच महिने गाभण राहून व्यावी, तेव्हा कोठे तिच्या धारेवरून बापाची परीक्षा व्हावयाची. दोन-अडीच वर्षे गेली. तोवर विकणारा कोठे आणि घेणारा कोठे! मधल्या काळात त्या बोकडाच्या मुली दहा गोठ्यांत बांधल्या गेलेल्या असतात. म्हणून शेळीच्या विक्रीत परत करण्याचा अधिकार पुरेसा नाही. जे ज्ञान एकट्या विकणाऱ्यापाशी आहे, त्याचे ओझेही त्याच्याच शिरावर असले पाहिजे.

केवळ खोटे न बोलल्याने हे ओझे उतरते असे मात्र कोणी समजू नये. युरोपातील सानेन आणि अल्पाइन या नामांकित दुभत्या जाती. करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत आपल्या बीटल शेळीशी यांचा संकर करून पाहण्यात आला होता. पाश्चात्त्य पैदासकारांनी या जातींतील भुंड्या, म्हणजे जन्मतः शिंगे नसलेल्या, शेळ्यांस पसंती दिली. शिंगांची इजा नाही, दिसावयास सुबक, गिऱ्हाईकही खूश. पुढे कळपांत धड नर नव्हे, धड मादी नव्हे अशी वांझ करडे निपजू लागली. या व्यंगाचा शिंगे नसण्याशी संबंध असावा, असे १९४४ मध्ये अॅस्डेल या शास्त्रज्ञाने दाखविले आणि २००१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी त्यामागील गुणसूत्रातला गळालेला तुकडा हुडकून काढला. आईबापांपैकी एकास शिंगे असली की हे संकट टळते. दोघेही भुंडे असले की ओढवू शकते. आता समजा, एका पैदासकाराने भुंडा बोकड विकला. बोकड निरोगी आहे, त्याच्या आईचे दूध मोजलेले आहे, सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे. पण घेणाऱ्याच्या गोठ्यातील शेळ्याही भुंड्याच आहेत, हे त्याने विचारलेच नाही. त्याला सत्यवादी म्हणावयास आमची हरकत नाही. जबाबदार म्हणावयास आहे. या धंद्यात विकणाऱ्याने सांगितले पाहिजे, तसे विचारलेही पाहिजे.

काय विचारावे? शेळी कोठे राहणार, काय खाणार, तिला कोण हिंडवणार. जमनापारी ही इटावा जिल्ह्यात चकरनगरच्या दऱ्याखोऱ्यांत झाडपाला ओरबाडीत हिंडणारी शेळी. तिची उंची आणि लोंबते कान पाहून शहरातला हौशी मनुष्य भुलतो आणि तिला बोळात खुंट्यास बांधतो. गल्लीत बांधून पोसावयास बरबरी बरी, हे सांगून हातचे गिऱ्हाईक घालविणारा विक्रेता विरळा. छत्तीसगढची स्वतःची अंजोरी ही जात अलीकडेच राष्ट्रीय नोंदीत आली; पण ती मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. दुधाची शेळी हवी असणारा येथला मनुष्य साहजिकच बाहेरच्या जातींकडे वळतो आणि फसण्याचा धोका तेथेच वाढतो.

महाराष्ट्रात या बाबतीत जे चांगले काम झाले आहे, ते मुख्यतः नोंदवहीचे आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने संगमनेरी शेळीचे आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उस्मानाबादी शेळीचे काम केले, ते शेतकऱ्यांच्या दारात जाऊन, त्यांच्याच कळपांत. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, शेळी उस्मानाबादीच राहिली, हे जाता जाता. कोणत्या शेळीस कोणता बोकड दाखविला, किती करडे झाली, त्यांचे वजन किती भरले: अशा रुक्ष ओळींनी भरलेली वही हीच या व्यवहारातील खरी साक्ष. कळप राखणाऱ्या बाईस तीन पिढ्यांची नाती तोंडपाठ असतात. पण तिची स्मृती शेळीबरोबर विकली जात नाही. ती कागदावर उतरली तरच घेणाऱ्याच्या हाती पडते.

जे कागदावरही दिसत नाही असे काही रक्तात असते. १९०५ च्या उन्हाळ्यात माल्टा बेटातून साठाहून अधिक निवडक दुभत्या शेळ्या ‘जोशुआ निकोल्सन’ या बोटीवर चढविण्यात आल्या. अमेरिकन सरकारने त्या पैदाशीसाठी घेतल्या होत्या. शेळ्या धष्टपुष्ट, दूध मुबलक; खलाशांनी ते वाटेत पोटभर प्यायले आणि त्यांपैकी पुष्कळजण माल्टा तापाने आजारी पडले. त्याच वर्षी माल्टातील डॉक्टर झामित यांनी या तापाचे जंतू निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या शरीरात वसतात हे सिद्ध केले होते. आज या रोगास ब्रुसेलोसिस म्हणतात आणि रक्ताच्या थेंबावरून त्याची प्राथमिक चाचणी होते. आपल्या देशात २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस व पारड्यांस देतात, शेळीस नाही. इकडे डेंग्यूची साथ आली की शेळीच्या कच्च्या दुधाचा भाव शहरांतून चढतो, कारण त्याने रक्तातील प्लेटलेट वाढतात असा समज आहे. वैद्यकशास्त्राचा त्यास आधार नाही. साथीच्या दिवसांत दूध तापवून प्या असे जो गवळी सांगतो तो आपले गिऱ्हाईक गमावण्याचा धोका पत्करतो. जो सांगत नाही तो रोग्याच्या प्राणाशी खेळतो.

येथवर घेणाऱ्याचे हित पाहिले. ज्याचे हित कोणीच पाहत नाही असा या व्यवहारात एक तिसरा आहे.

शेळी व्याल्याखेरीज दूध देत नाही, आणि व्याली की निम्मी करडे बोकड. राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ मधील सुधारित योजना शंभर शेळ्यांमागे पाच बोकड धरते. शंभर शेळ्यांस वर्षाकाठी शंभरच करडे झाली असे धरले तरी पन्नास बोकड. त्यांतून राखावयाचे पाच, आणि तेही दर वर्षी नव्हे. उरलेले कोठे जातात हे सर्वांस ठाऊक आहे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यापासून दूधाधारी मठ फार दूर नाही. केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून त्या मठास हे नाव पडले. दूध हे निष्पाप अन्न, ही आपल्या मनातील जुनी श्रद्धा त्या नावात साठविलेली आहे. ब्राह्मणपाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून, जेथे मांस शिजत नाही तेथेही, तान्ह्या मुलास किंवा क्षयी माणसास शेळीचे दूध द्यावे हे आयुर्वेदाच्या आधाराने मान्य होते. ते दूध घरात येते. त्या दुधाच्या हक्कदार बोकडाचे नाव मात्र उंबरठ्याबाहेर राहते. पहिल्या म्हणीतून आपण सुटलो असे वर म्हटले, ते इतके सोपे नाही.

गांधीजींना हे कोडे त्यांच्या परीने पडले होते. गाईम्हशींवर होणाऱ्या फुक्याच्या क्रूर प्रकाराबद्दल ऐकून त्यांनी १९१२ मध्ये दूध सोडले. पुढे मोठ्या दुखण्यातून उठताना, मुंबईत डॉ. दलाल यांनी आग्रह धरला आणि कस्तुरबांनी शेळीचे दूध सुचविले, तेव्हा व्रत घेताना गाय व म्हैसच मनात होती या आधारावर त्यांनी ते घेतले. आत्मकथेत या गोष्टीचे त्यांनी समर्थन केले नाही. व्रताचे अक्षर राखले, आत्मा गमावला, असाच त्यांचा सूर आहे. अनुयायांनी शेळीस थोरवी दिली. स्वतः त्यांना ती बोचत राहिली. आम्हांस ही बोच अधिक मोलाची वाटते.

शांतिपर्वातील तुलाधार हा आपल्या परंपरेतील आदर्श विक्रेता. वाराणसीच्या या वाण्याकडे जाजली नावाचा गर्विष्ठ तपस्वी धर्म शिकावयास येतो, कारण त्याचा तराजू कोणासाठीही झुकत नाही. हा तुलाधार बैल खच्ची करणाऱ्यांस आणि त्यांची नाके टोचणाऱ्यांस दोष देतो. येथे आम्ही त्याच्याशी नम्रपणे मतभेद नोंदवितो. पैदाशीस नालायक बोकड खच्ची न करता गावात सोडला, तर त्याचे दोष गरिबाच्या गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. अर्धेलीने शेळी राखणाऱ्या विधवेच्या वाट्यास येणारे एकुलते करडूही त्यातच जाते. वेदना होणार नाही अशा रीतीने, जाणकार हाताने, वेळेवर खच्चीकरण करणे हे पैदासकाराचे कर्तव्यच होय. मात्र तुलाधाराचा रोख ज्या निष्काळजीपणावर आहे, तो खराच आहे. दुधाच्या हिशोबात बसत नाही म्हणून बोकडाच्या करडास चीकही न पाजणे, त्यास उपाशी मरू देणे, हे कळपांत घडते. ज्याचे आयुष्य आपण थोडे ठरविले, त्याचे ते थोडे आयुष्य तरी पोटभर जावे, एवढे त्याचे देणे आहे. ही गोष्ट मांसाहार पटणाऱ्यास आणि न पटणाऱ्यास सारखीच लागू आहे, कारण दूध दोघेही पितात.

आता उंटाकडे वळू. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकासखंडांत लागू झाला आणि १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाला. त्या काळी शेळ्या-गाई पुष्कळ वाटल्या गेल्या, आणि कागदावरचे जनावर व गोठ्यातले जनावर यांतील अंतर हा टीकेचा नेहमीचा विषय होता. योजना बदलल्या, वाटप चालूच आहे. येथे घेणारा एक, वापरणारा दुसरा. शेळी निवडतो अधिकारी आणि तिच्यावर संसार चालवावयाचा असतो एखाद्या खेड्यातील बाईने. तुंबवलेली कास तीन दिवसांत उघडी पडेल, पण परत कोणाला करावयाची हेच तिला ठाऊक नसते. शेळीच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो. त्या अंकांमागे तिच्या आईचे दूध आणि बापाची ओळख लिहिली गेली, तर तो बिल्ला विम्याच्या दाव्यापलीकडेही कामास येईल.

ज्या पैदासकाराने दहांतून आठ बोकड खच्ची केले, रक्ताची तपासणी करविली, वेतागणिक दूध मोजून लिहिले आणि बोकडांच्या करडांसही पोटभर पाजले, त्याचा दर चढा असणारच. निविदांच्या तुलनातक्त्यात तो शेवटच्या ओळीत जातो. पहिल्या ओळीत येतो तो, ज्याने यांतले काहीच केले नाही. त्या तक्त्याखाली सही करणारे कित्येकदा आमच्या वाचकांपैकीच असतात. त्यांनी नियम मोडावा असे आम्ही म्हणत नाही. निविदा उघडल्यावर त्यांचे हात बांधलेले असतात, हेही आम्ही जाणतो. पण अटींचा मसुदा त्याआधी त्यांच्याच टेबलावर होतो. नोंदवहीची प्रत, ब्रुसेलाची चाचणी, शेळी घेणाऱ्या बाईच्या गोठ्यात तीन दिवसांची परीक्षा आणि न उतरल्यास शेळी बदलून देण्याची विकणाऱ्याची लेखी हमी, या चार ओळी त्या मसुद्यात घालण्यास फार जागा लागत नाही.