पूर्वजांची आठवण : कोणाची आणि कशासाठी?



एलिया संदेष्टा म्हटला की आपल्याला कर्मेल डोंगर, अहाब राजा आणि अग्निरथ आठवतो. सगळे दूरदेशीचे. पण आपल्या घाटाखाली, रायगड जिल्ह्यात, हाच एलिया पिढ्यान्‌पिढ्या घरचा माणूस होऊन राहिला आहे. अलिबाग, पेण, रोहा ह्या भागातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, त्याला 'एलियाहू हनाबी' म्हणतात. अलिबागजवळ खंडाळे नावाचे गाव आहे (आपले खंडाळा नव्हे). तेथील एका खडकावरच्या खुणा एलियाच्या रथाच्या आणि घोड्यांच्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा. त्या जागेला 'एलियाहू हनाबीचा टापा' असे नाव आहे. नवस फेडताना किंवा शुभकार्यात ते मलिदा करतात. पोहे, खोबरे, गोड आणि फळे यांचे ताट मध्ये ठेवून, एलियाचे नाव घेऊन देवाचे आभार मानतात आणि मग सगळे मिळून खातात.

कोणी विचारील, एलिया कोकणात कधी आला होता? मग ही आठवण खोटीच म्हणायची का?

उत्तराची घाई करू नये असे आम्हांला वाटते. बेने इस्राएल सांगतात की त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. देव एकच आहे ही 'शेमा'ची प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शब्बाथ एवढेच हाताशी उरले. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. ज्यांच्याजवळ पोथी नाही, त्यांनी संदेष्ट्याला आपल्या गावच्या खडकावर जागा दिली. आठवण टिकवण्याचा दुसरा कोणता मार्ग त्यांना मोकळा होता?

प्राचीन इस्राएलातही थोडेफार असेच होते. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली घेऊन आलेला शेतकरी काय बोलतो ते पाहा. मिसरची गुलामी होऊन कैक पिढ्या उलटल्या, तरी तो पूर्वजांना छळले असे म्हणत नाही, आम्हांला छळले म्हणतो. हा 'आम्ही' इतिहासाच्या हिशेबाने चुकीचा आहे. पण तो फुकट मिळत नाही. त्याच्या थोडे आधी, २४ व्या अध्यायात आज्ञा आहे की शेतात विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नये. ती परक्याची, अनाथाची आणि विधवेची आहे, कारण तुम्हीही मिसरात गुलाम होता. पेंढी उचलून घरी आणणाऱ्याला पूर्वजांच्या दुःखाला 'आमचे' म्हणण्याचा अधिकार उरत नाही. आमच्या मते आठवणीचा खरेखोटेपणा इथे तपासावा, खडकावर नव्हे.

तरीही आठवण निवड करते, आणि त्या निवडीत अन्याय होऊ शकतो. बेन सिराने इ. स. पूर्व १८० च्या सुमारास यरुशलेममध्ये पूर्वजांची मोठी स्तुती लिहिली. हे पुस्तक आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. ४४ व्या अध्यायापासून वाचावे. हनोख, नोहा, अब्राहाम, मोशे, एलिया असे सगळे तेथे ओळीने येतात. तो नुसती आरती ओवाळत नाही. शलमोनाने आपल्या कीर्तीला डाग लावला हेही स्पष्ट सांगतो. पण त्या लांबलचक यादीत एकाही स्त्रीचे नाव नाही. सारा नाही, दबोरा नाही, रूथ नाही. सुरुवातीलाच तो एक गोष्ट मात्र कबूल करतो : काहींची आठवण मागे राहिलीच नाही, जणू ते जन्मलेच नव्हते.

अशांचे काय करायचे? नवगावला बेने इस्राएलांचे जुने कबरस्तान आहे. गलबत फुटल्यावर जे बुडाले त्यांना तेथे दोन मोठ्या उंचवट्यांखाली पुरले, पुरुष एकीकडे, स्त्रिया एकीकडे, असे सांगतात. नाव एकाचेही ठाऊक नाही. १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, तरी ती जागा 'आमची' म्हणूनच ओळखली जाते.

आपण लोणावळ्याची माणसे रोज ज्या बोरघाटातून जा-ये करतो, तो रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे नेले. एवढे नावानिशी ठाऊक आहे. बोगदे फोडताना आणि पटकी-तापाने हजारो मजूर मेले. त्यांत कोण कोणत्या गावचे आणि कोणत्या धर्माचे होते, हे आपल्याला ठाऊक नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरची भाकर मात्र त्याच रुळांवरून आलेली आहे.

नोव्हेंबरात आपण आपापल्या मृतांची नावे कागदावर लिहून मिस्सासाठी देतो. कोणी त्या कागदावर 'घाटातले मजूर' असे लिहून दिले, तर वाचणाऱ्याने अडखळू नये.