दुसऱ्या खेपेचं वजन

अकोल्याजवळच्या एका जिनिंगचा कापूस-खरेदीचा हिशेब मी मोंगोडीबीत ठेवते. एका शेतकऱ्याचं एक डॉक्युमेंट, त्याच्या पोटात खेपांचा अ‍ॅरे: तारीख, वजन, भाव. गेल्या हंगामात एका काकांनी काट्याची पावती माझ्यापुढे धरली. "म्या येकाच दिवशी दोन खेपा आणल्या होत्या न बाई. वजन दुसरीचं चुकलं होतं, तुमी पयलीचं बदलवलं."

खरं होतं. मी नोंद तारखेवरून शोधली आणि डॉलरचं चिन्ह लावलं. ते जुळलेल्या पहिल्याच नोंदीवर थांबतं. खेपेचा क्रमांक देऊन अ‍ॅरे-फिल्टर लावायला हवा होता. ही सोय ३.६ आवृत्तीपासून आहे. त्यात भर म्हणजे 'सेट'नं जुना आकडा पुसला गेलेला. पावती नसती तर?

त्या रात्री मला रिद्धपूर आठवलं. आजी महानुभाव पंथातली, अमरावतीहून तिच्यासोबत मी तिथे जायची. त्या पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या, ज्यानं पाहिलं त्याला गाठून, विचारून. पुढे परंपरा सांगते की मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवणी जुळेनात. मग एकाच लीळेत दुसरी आठवणही लिहून ठेवली. तिला पंथात 'वासना' म्हणतात.

देवाच्या चरित्रात दोन तपशील एकमेकांना छेदतात, मग खरं कोणतं? लहानपणी या प्रश्नाची मला भीती वाटायची. आता वाटतं, ते लिहिणारे सत्याबद्दल माझ्याहून कडक होते. स्वामी निघून गेल्यावर लीळेचं स्मरण हीच त्यांची भक्ती. एखाद्याची आठवण खोडणं म्हणजे त्याच्यापाशी उरलेले स्वामी काढून घेणं. शिवाय घटना एकच असली तरी आपल्यापर्यंत ती पाहणाऱ्यांकडूनच येते. त्यातला एक पुसला की पुढच्याला पडताळायला काय राहतं?

कापसाचं मात्र तसं चालत नाही. पैसे एकाच आकड्यावर द्यावे लागतात. म्हणून चालू वजन मी अजूनही 'सेट'नंच बदलते, पण त्याच आज्ञेत जुना आकडा, बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ दुरुस्त्यांच्या अ‍ॅरेत 'पुश' करते. एका डॉक्युमेंटमधले हे दोन्ही बदल एकत्र होतात, नाहीतर एकही होत नाही.

काकांच्या पहिल्या खेपेखाली आता माझं नाव आहे, माझ्या चुकीच्या आकड्यासकट. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पावतीची घडी घातली आणि पुन्हा बंडीच्या खिशात ठेवली.