पैसे कोण देतं, ते आधी बघ

चि. मुक्ता हिस,


तुझ्या खानदेशी स्वयंपाकाच्या ब्लॉगला वाचक वाढले आहेत, तर नोकरी सोडून त्यावरच घर चालेल का, असं तू विचारलंस. पाठोपाठ तुझ्या आईचाही फोन आला. तिच्या लेखी मी तुला समजावणं म्हणजे ‘नको’ म्हणणं. मी तसं म्हणणार नाही. स्वतःच्या लिखाणावर पैसे मिळतात, मात्र ते जिथून येतील असं तू धरून चालली आहेस, तिथून फारसे येत नाहीत.

आधी गूगलच्या जाहिरातींचं बघू. त्या लावणारी अ‍ॅडसेन्स ही सेवा २००३ साली सुरू झाली. मराठीला त्यात जागा मिळायला २०१८ उजाडलं. पान उघडताक्षणी त्यावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि ज्याची बोली जास्त त्याची जाहिरात दिसते. आता तूच सांग, कळण्याच्या भाकरीशेजारी बसायला कोण चढी बोली लावणार? परदेशात इंग्रजीतून विम्यावर किंवा कर्जावर लिहिणाऱ्याच्या पानावर मोठ्या कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करतात, कारण त्यातला एखादा वाचक जरी गिऱ्हाईक झाला तरी त्यांचे पैसे वसूल होतात. तुझ्या वाचकाला फार तर ज्वारी आणि उडीद घ्यायचे असतात, आणि ते तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेतो.

नुसता हिशेब म्हणून धर, की हजार वेळा पान उघडलं की पन्नास रुपये. गूगल शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही. ते झाले नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे एक लाख ऐंशी हजार वेळा तुझं पान कुणीतरी उघडायला हवं. तेवढ्यात पुण्यात तुझ्या फ्लॅटचं अर्धं भाडंही निघणार नाही. पैसे कमी ही गोष्ट मी सोडूनही देईन. आकडा वाढवायच्या नादात तू काय लिहायला लागशील, याची मला जास्त काळजी आहे. लोक शोधतात ‘पाच मिनिटांत पनीर’, म्हणून तू पनीर लिहिणार. मग तुझं शेवभाजीचं लाल पाणी, काळ्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं यावरून आजीशी झालेला वाद, हे सगळं मागे पडणार. तसलं पनीर लिहिणारे ढिगाने आहेत. जाहिराती लावायच्या तर लाव, विजेचं बिल निघालं तर निघालं. पण रोज सकाळी उठून ते आकडे बघत बसू नकोस.

तुला ठाऊकच आहे, माझी उमेदीची वर्षं दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करण्यात गेली. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला १९०९ साली. आज बहुतेक अंकांची परिस्थिती अशी आहे की विक्रीतून छपाईही धड निघत नाही, अंक जगतो जाहिरातींवर. पण अंक किती खपतो हे सराफाने किंवा पतसंस्थेच्या चेअरमनने मला क्वचितच विचारलं. कुणाकुणाचं लेखन आहे, हे मात्र ते विचारायचे. त्यांना त्या नावांच्या शेजारी बसायचं असायचं. तुझ्याकडेही विकण्यासारखं तेच आहे: ही मुलगी सांगते तसं केलं की पदार्थ जमतो, हा विश्वास. गूगलच्या लिलावात त्याला भाव नाही. बाहेर आहे, आणि म्हणूनच एक मसाल्याची कंपनी पैसे देऊन लिहून घ्यायला तुझ्याकडे आली.

त्या कंपनीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुढच्या आठवड्यात तुला तिच्या करारावर सही करायची आहे.

त्यांचा मसाला तू तुझ्या स्वयंपाकात खरंच वापरशील का? तुझ्या घरी आजीच्या हातचा काळा मसाला असताना ‘मी नेहमी हाच वापरते’ असं लिहिलंस, तर जळगाव-भुसावळकडची बाई पहिल्या ओळीतच ओळखेल. ‘अमुक कंपनीने हा मसाला पाठवला, मी वांग्याच्या भाजीत घालून बघितला, तिखट जरा कमी वाटलं’ असं लिहायची मुभा देत असतील तर घे ते काम. पैसे घेऊन लिहिलेल्या लेखावर तसं स्पष्ट दिसेल असं नमूद करावंच लागतं. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये त्याचे नियम केले, पुढे सरकारनेही २०२३ च्या जानेवारीत मार्गदर्शिका काढली. फुकट मिळालेली वस्तूही त्यात धरली जाते. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही अंकात पैसे घेतलेल्या मजकुराला चौकट टाकायचो आणि कोपऱ्यात बारीक ‘जाहिरात’ छापायचो. तू बारीक नको, ठळक छाप.

त्यांनी मिक्सरही देऊ केलाय म्हणालीस. तो ठेवून घेतलास तर ते उत्पन्न झालं. एका कंपनीकडून वर्षात वीस हजारांच्या वर वस्तू किंवा सवलती आल्या, तर त्यांना त्यावर दहा टक्के कर भरावा लागतो आणि ते तो तुझ्याकडून मागू शकतात. वापरून परत केलास तर तो प्रश्न येत नाही. मला विचारशील तर मिक्सर नको म्हण आणि त्याची किंमत मानधनात घाल. घरात आधीच दोन आहेत.

करारात ‘सर्व हक्क’ हे शब्द शोध. लेख आणि फोटो कायमचे त्यांचे, असं असेल तर उद्या तुझा फोटो त्यांच्या पाकिटावर येईल आणि तुला काही बोलता येणार नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या बाजूने एक सोय आहे: हक्क दिले पण मुदत लिहिली नाही, तर ते पाच वर्षांपुरतेच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. म्हणून तर त्यांचे वकील ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द न विसरता घालतात. तू ‘एक वर्ष, फक्त कंपनीच्या संकेतस्थळासाठी’ असं लिहून मागून बघ. नुसत्या साहित्याच्या यादीवर कुणाचाच हक्क नसतो, तुझे शब्द आणि तुझे फोटो मात्र तुझे असतात. फोटोवर नाव टाकत जा. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझी ज्वारीच्या बिबड्यांची कृती मला तिघींकडून आली, एकीवरही तुझं नाव नव्हतं.

आता खरे पैसे कुठे आहेत ते. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं. मापं वाटी-चमच्याची, सांगणं सरळ. कितीतरी मुली ते पुस्तक घेऊन सासरी किंवा परदेशी गेल्या. कारण एवढंच, की त्यात लिहिल्याप्रमाणे केलं की होतं. तुझंही पुस्तक व्हावं असं मला वाटतं, पण त्याला वेळ आहे.

त्याआधी मांड्यांकडे बघ. तू मांड्यांवर इतकं छान लिहिलंस, पण वाचून कुणाला मांडे आले का? पीठ किती तिंबायचं, पुरण भरलेला गोळा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत कसा न्यायचा आणि पालथ्या खापरावर अलगद कसा टाकायचा, हे शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. लिहिलेलं सगळं फुकट दे, सढळ हाताने दे. लिहून जे देता येत नाही त्याचे पैसे घे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी रविवारी सहा-आठ जणींना घरी बोलाव आणि जेवणासकट नीट फी लाव. पुण्यात खानदेशातली कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांच्या मुलींना आईकडून शिकायला सवड झाली नाही. त्या येतील. बिबडे, कुरडया, काळा मसाला विकणार असशील तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी कर, छोट्या धंद्याला ती फार अवघड नाही.

नोकरीचं म्हणशील तर एक पूर्ण वर्ष काढ. खानदेशी स्वयंपाकाची कमाई ऋतूंवर हलते. थंडीत भरिताची वांगी, चैत्र-वैशाखात वाळवणं, आखाजीला मांडे. पावसाळ्यात मात्र तुझ्याकडे विकायला काही नसेल. आषाढ-श्रावणाचा खर्च आधीच्या कमाईतून निघतो का, हे एकदा अनुभवून बघ आणि मगच साहेबांना कागद दे. तोवर या कामाचं बँकखातं वेगळं ठेव.

आणखी एक. ब्लॉगचा पत्ता स्वतःच्या नावाने विकत घे, वर्षाला हजारभर रुपये जातील. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं तेव्हा तिथे जमवलेली माणसं किती जणांना पुन्हा गाठता आली? तुझ्या वाचकांचे ईमेल तुझ्यापाशी असू देत. रविवारच्या वर्गाची खबर त्यांना द्यायला कुणाची परवानगी लागणार नाही.

करार मला फोटो काढून पाठव, पानं सगळी, मागची बारीक अक्षरंसुद्धा. आणि यंदा बिबडे करशील तेव्हा माझे दोन किलो धर. भाव इतरांना लावशील तोच लाव. मावशी म्हणून कमी केलेस तर मी घेणार नाही.

तुझी,
मावशी