शरीरातला वायू आणि प्राण

सीटी स्कॅनमध्ये हवा काळी दिसते. खरे तर ती दिसतच नाही. क्ष-किरण तिच्यातून जवळजवळ न अडता पार होतात आणि त्या न अडण्याची नोंद संगणक काळ्या रंगाने करतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, चरबी साधारण उणे १०० वर आणि हवा उणे १००० वर असते. त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू १९७१ मध्ये टिपला. १९७९ चे नोबेल त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह मिळाले. वैशेषिक दर्शनाने वायूला अरूप मानले आहे. त्याला रंग नाही, म्हणून तो डोळ्यांचा विषय नाही आणि स्पर्शावरून त्याचे अनुमान करायचे. सीटीने हे मत खोडलेले नाही; स्पर्शाच्या जागी क्ष-किरण आले, इतकेच.

फुप्फुसे, श्वासनलिका, जठर, आतडी, कपाळामागच्या पोकळ्या यांत हवा असायचीच. ती विकृत ठरते जागेवरून. फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये साठलेली हवा फुप्फुसाला चेपते. मधुमेह्याच्या मूत्रपिंडात आढळणारा वायू जंतूंनी तिथेच तयार केलेला असतो. यकृतात तर काही सेंटिमीटरच्या फरकाने अर्थ पालटतो. वायू मध्यभागी असेल तर तो बहुधा पित्तनलिकेतला आणि पूर्वीच्या एखाद्या शस्त्रक्रियेचा निरुपद्रवी अवशेष असू शकतो. तोच यकृताच्या कडेपर्यंत फांद्यांसारखा पसरलेला असेल तर तो पोर्टल शिरेतला, आणि अशा वेळी आतडे मरत चालल्याची शंका आधी घ्यावी लागते.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखानी पट्ट्यात या जागेच्या प्रश्नाला वेगळीच धार आहे. इथल्या जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये कॉम्प्रेसरची लाइन असते, तिच्यात साधारण ६ ते ७ बार दाब असतो आणि पाळी संपताना त्याच एअर गनने कपड्यांवरची धूळ उडवण्याची सवय कामगारांना असते. कोणी मस्करीत ती नळी सोबत्याच्या गुदद्वाराजवळ धरली, तर हवा कपड्यांतूनही आत शिरते आणि मोठे आतडे क्षणात फुटू शकते. औद्योगिक वैद्यकाला ही इजा जुनी ओळखीची आहे. तिला मस्करी म्हणणेच चूक आहे. तो जिवावरचा हल्ला आहे. जखमी माणूस पुष्कळदा लाजेने नुसते ‘गॅस धरलाय’ एवढेच सांगतो. त्याला उभे करता येत नाही, आणि झोपवून काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये पोटातली मोकळी हवा निसटू शकते. सीटीमध्ये ती यकृतापुढे, पोटाच्या पुढच्या भिंतीखाली तरंगलेली सापडते. नेहमीच्या चित्रात चरबी आणि हवा दोन्ही काळपट दिसतात, म्हणून रेडिओलॉजिस्ट लंग विंडो लावून पुन्हा पाहतो. तेव्हा चरबी करडी होते आणि हवा काळीच राहते.

आतड्याला पडलेले भोक मात्र प्रत्येक वेळी सापडत नाही. दिसते ती बाहेर आलेली हवा, आणि तिच्यावरून भोकाचे अनुमान होते. पर्वतावरच्या धुरावरून अग्नी जाणण्याचा नैयायिकांचा दृष्टान्त इथे शब्दशः लागू पडतो आणि त्यांनी दिलेला इशाराही तितकाच लागू पडतो. हेतू व्यभिचारी असेल, म्हणजे साध्याशिवायही आढळत असेल, तर अनुमान फसते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यानंतरचे काही दिवस पोटात मोकळा वायू असला तरी आतडे शाबूत असू शकते.

इथवर बोलणे वायूचे झाले. मराठीत मात्र शरीरातल्या वाऱ्याचा पसारा मोठा आहे. पक्षाघात झाला की अंगावरून वारे गेले म्हणतात, देवीचा संचार झाला की अंगात वारे आले म्हणतात, आणि मरताना जातो तो प्राण. मग सीटीला सापडणारा वायू आणि प्राण एकच का? प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषी सांगतात की सम्राट जसा अधिकाऱ्यांना गावे नेमून देतो, तसा प्राण इतर प्राणांना आपापल्या स्थानी नेमतो. अपान खाली, समान मध्यभागी, व्यान नाड्यांमध्ये. स्थानाचा हा आग्रह पाहून आपल्या पूर्वजांना सीटीतले सारे ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण त्यात दोन्ही विद्यांचे नुकसान आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात हा प्रश्न सरळ हाताळला आहे. प्राण हा नुसता वायू नव्हे आणि इंद्रियांचा नुसता व्यापारही नव्हे, कारण श्रुतीने त्याचा निर्देश वेगळा केला आहे. शंकराचार्य त्याला शरीरात विशिष्ट अवस्था पावलेला वायू मानतात. ती अवस्था घनतेच्या मोजपट्टीवर उमटत नाही.

याची कसोटी मृतदेहात लागते. प्राण गेल्यावर सीटीत वायू कमी होत नाही, उलट वाढतो, कारण कुजण्यामुळे रक्तवाहिन्या आणि यकृत वायूने भरू लागतात. हठयोगाच्या ग्रंथांना असा उरणारा वायू मान्य होता. घेरंडसंहितेत दहा वायू सांगितले आहेत आणि त्यांतला धनंजय मेलेल्या देहालाही सोडत नाही. म्हणजे वायू असणे आणि जिवंत असणे यांची फारकत परंपरेनेच केलेली आहे.

समाधीच्या कल्पनेतही ही फारकत दिसते. वर आलेल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मध्ये, इंद्रायणीकाठी आळंदी आहे. तिथे १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे. अशी जिवंतपणी घेतलेली संजीवन समाधी म्हणजे श्वास कोंडून ठेवणे, अशी समजूत अनेकांची असते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला क्रम मात्र वेगळा आहे. तिथे महाभूते एकेक करून पुढच्यात विरतात, आणि तेज ज्यात विरते तो पवनही शेवटी गगनात लय पावतो. कोंडायला तिथे वायूच उरत नाही.